प्लँक तीन मिनिटे टिकतो, मग वजन उचलताना कंबर का दुखते?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: दीड वर्ष नियमित व्यायाम चालू आहे, प्लँक (पालथे होऊन कोपरे आणि पायांची बोटे टेकवून शरीर सरळ धरणे) तीन मिनिटे टिकतो, क्रंचही (उताणे झोपून डोके व खांदे वर उचलणे) भरपूर होतात, तरीही डेडलिफ्टचे (दोन्ही टोकांना तबकड्या लावलेला दांडा, म्हणजे बारबेल, जमिनीवरून उचलून उभे राहणे) वजन थोडे वाढवले की कमरेच्या खालच्या भागात ओढ लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाकणे नकोसे होते. अशा वेळी कोअरचा, म्हणजे धड सावरणाऱ्या स्नायूंचा, वेगळा व्यायाम वाढवावा, की स्क्वॅट (खांद्यांवर वजन घेऊन मारलेली बैठक) आणि डेडलिफ्टमध्येच तो होऊन जातो, आणि कमरपट्टा बांधल्याने प्रश्न सुटेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते आणि तिचे मूळ बहुधा एकाच समजुतीत सापडते: कोअर म्हणजे पोटाचे स्नायू, आणि ते थकेपर्यंत राबवले की बळकट झाले. वजन उचलताना धडाच्या स्नायूंवर येणारे काम निराळेच असते. खुबे आणि खांदे हलत असताना कण्याची ठेवण जशीच्या तशी राखणे, तीही योग्य क्षणी, लागेल तेवढ्याच ताणाने आणि श्वासावरचा ताबा न सोडता, हे ते काम. तीन मिनिटांच्या प्लँकमध्ये यातले फारच थोडे तपासले जाते.

कोअरमध्ये काय काय येते ते आधी पाहू. पुढे पोटाचा उभा स्नायू, बाजूंना तिरकस धाग्यांचे दोन थर, त्यांच्या आत कमरेभोवती आडवा वेढा घालणारा सर्वांत खोल थर, मागे मणक्यांना लागून असलेले आखूड आणि लांब स्नायू, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधला दोन्ही बाजूंचा चौकोनी स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. नितंबाचे स्नायू काही जण यात धरत नाहीत. मी धरतो, कारण खुबा नीट वाकला नाही किंवा नितंबांनी आपला भार उचलला नाही, तर उरलेली हालचाल कंबर करते आणि दुखणेही तीच भोगते.

या स्नायूंविना कणा किती दुबळा असतो, हे १९६१ साली लुकास आणि ब्रेस्लर यांनी दाखवून दिले. मृतदेहातील कण्यावरचे सगळे स्नायू काढून टाकून, फक्त हाडे, मणक्यांमधल्या चकत्या आणि हाडे एकमेकांना जोडणारे अस्थिबंध ठेवून त्यांनी त्याच्यावर वरून भार दिला, तेव्हा तो सुमारे २० न्यूटनला, म्हणजे जेमतेम दोन किलो वजनाला, बाजूला कलून वाकला. जिवंत माणूस बारबेल उचलतो तेव्हा त्याच्या कमरेच्या मणक्यांवर हजारो न्यूटनचा दाब येतो आणि तरी कणा उभा राहतो. हा सगळा फरक स्नायूंचा आणि त्यांना वेळेवर आज्ञा देणाऱ्या मज्जासंस्थेचा आहे. तंबूच्या मधल्या खांबाचे उदाहरण येथे चपखल बसते: खांब कितीही जाड असला तरी तो उभा राहतो चहूबाजूंच्या दोऱ्यांच्या ताणावर, आणि एकच दोरी जोरात आवळली तर तो त्याच बाजूला झुकतो. तुमच्या वर्णनात पुढच्या दोरीवर भरपूर मेहनत दिसते. बाजूच्या आणि मागच्या दोऱ्यांचा उल्लेखही नाही.

कण्याच्या स्थैर्याची रीतसर मांडणी मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये केली आणि आजही आम्ही रोजच्या कामात तीच वापरतो. त्यांच्या मते स्थैर्य तीन यंत्रणांवर अवलंबून असते: हाडे, चकत्या आणि अस्थिबंध ही पहिली, स्नायू ही दुसरी, आणि या दोहोंकडून येणाऱ्या संवेदना वाचून स्नायूंना हुकूम देणारी मज्जासंस्था ही तिसरी. एक यंत्रणा कमी पडली तर उरलेल्या दोघी काही प्रमाणात ती उणीव भरून काढतात, पण त्याची किंमत कधी थकव्याच्या रूपाने, तर कधी दुखण्याच्या रूपाने मोजावी लागते. व्यायामशाळेत आपण बहुतेक वेळा फक्त दुसरीचा विचार करतो. तिसरीचे महत्त्व हॉजेस आणि रिचर्डसन यांच्या १९९६ च्या अभ्यासातून लोकांच्या लक्षात आले. निरोगी माणसाने हात झटकन वर उचलला तर खांद्याचा स्नायू कामाला लागण्याआधीच पोटाचा सर्वांत खोल थर आवळलेला असतो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा आवळतो, असे त्यांना आढळले. म्हणजे शरीर हात हलवण्याआधी धड सावरून घेते.

या अभ्यासाचा पुढे थोडा विपर्यासही झाला. ‘बेंबी आत ओढा, कण्याला चिकटवा’ ही सूचना जगभर पसरली आणि अजूनही कानावर पडते. पडून राहून त्या खोल थराची जाणीव करून घ्यायची असेल तेव्हा ती ठीक आहे. जड वजन उचलताना मात्र पोट आत ओढल्याने कमरेभोवतीच्या स्नायूंचा घेर लहान होतो आणि कण्याला मिळणारा आधार कमी होतो. तेथे पोट, बाजू आणि पाठ एकाच वेळी घट्ट करणे हेच योग्य. कोणी पोटावर हलका ठोसा मारणार आहे असे वाटल्यावर आपण पोट जसे कडक करतो, तसे. किती कडक, याचेही तारतम्य हवे. नुसते उभे राहण्यासाठी या स्नायूंच्या पूर्ण ताकदीचा अगदी किरकोळ हिस्सा पुरतो, आणि वजन वाढेल तसा तो वाढवावा लागतो. दिवसभर पोट आवळून वावरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची कंबर मोकळी होत नाही, श्वास वरवरचा राहतो आणि दुखणे वाढते.

आता तुमच्या प्लँककडे वळू. प्लँकमध्ये भार ठरलेला असतो, दिशा एकच असते, हातपाय हलत नाहीत आणि पुढच्या क्षणी काय होणार हे शरीराला ठाऊक असते. मिनिटभरानंतर त्यात मुख्यतः कमी ताणावर टिकून राहण्याची सवय वाढते. शिवाय वेळ लांबला की पुष्कळांची कंबर हळूहळू खाली लोंबू लागते, खांदे कानांकडे सरकतात, आणि मग शरीर स्नायूंवर कमी व अस्थिबंधांवर जास्त लटकलेले असते. घड्याळ मात्र पुढे जातच राहते. त्यामुळे तीन मिनिटांचा आकडा ऐकून मला फारसे काही कळत नाही. त्याऐवजी प्लँकच्या स्थितीत एक हात चार बोटे वर उचलून पाहा. धड त्या बाजूला गिरकी घेत असेल, तर काय कमी आहे ते त्याच क्षणी कळते.

डेडलिफ्टचे तसे नाही. तेथे निर्णायक क्षण असतो तो बार जमिनीवरून सुटण्याच्या आधीचा. वाकून बार पकडला, हात अजून सैल आहेत, पोट सैल आहे, आणि एकदम झटका देऊन वर खेचले, असे झाले तर खुबे आधी वर जातात, छाती मागे राहते आणि कमरेचा बाक पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच गोल होतो. धडाचे स्नायू नंतर आवळतात, पण तोवर सर्वांत अवघड भाग चकत्यांनी आणि अस्थिबंधांनी सोसलेला असतो. याउलट बार पकडल्यावर आधी हातांतला सैलपणा काढून घेतला, बार आणि तबकड्यांमधला खटका ऐकू येईपर्यंत हलका ताण दिला, श्वास घेऊन धड घट्ट केले आणि मगच पायांनी जमीन खाली ढकलली, तर कमरेचा आकार बदलत नाही. तुमच्या बाबतीत काय होते ते पाहण्यासाठी फोन कमरेच्या उंचीवर, अगदी बाजूने ठेवून चित्रफीत काढा. घट्ट बनियनवर दोन चिकटपट्ट्या लावा, एक शेवटच्या बरगडीपाशी आणि दुसरी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला. बार सुटताना या दोन पट्ट्यांमधले अंतर आणि त्यांचा एकमेकींशी असलेला कोन बदलत असेल, तर दुखण्याचे एक ठळक कारण हाती लागले. ओढ पहिल्याच आवर्तनाला लागत असेल तर दोष बहुधा या तयारीत असतो. चौथ्या-पाचव्या आवर्तनानंतर लागत असेल तर पाठीच्या स्नायूंची चिकाटी कमी पडते आहे असे मी समजतो.

चिकाटी हा शब्द मी मुद्दाम वापरला. कमरेच्या बाबतीत निव्वळ ताकदीपेक्षा टिकण्याची क्षमता महत्त्वाची ठरते, याचा एक जुना पुरावा बिअरिंग-सोरेन्सन यांच्या १९८४ च्या अभ्यासात आहे. पालथे झोपून पाय बांधलेले, कमरेपासून वरचे शरीर टेबलाबाहेर अधांतरी, आणि ते आडवे किती वेळ धरता येते ते मोजायचे. ज्या पुरुषांना ते जास्त वेळ धरता आले, त्यांच्यात पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळले.

धडाच्या स्थैर्याचा संबंध फक्त कमरेशी नाही. फेकणे, मारणे, उडी, दिशा बदलून धावणे, या प्रत्येक हालचालीत जोर पायांकडून निघतो आणि धडातून खांद्याकडे व हाताकडे पोहोचतो. धड मध्येच ढिले पडले तर जोराचा काही भाग तेथेच वाया जातो, आणि तो भरून काढण्यासाठी खांदा व कोपर यांना जास्त राबावे लागते. टेनिसच्या सर्व्हिसमध्ये किंवा गोलंदाजीत खांदा सतत दुखत असेल, तर अनुभवी प्रशिक्षक खांद्याआधी खुबे आणि धड तपासतो, ते याचसाठी. गुडघ्याचेही तसेच. झाझुलाक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७७ महाविद्यालयीन खेळाडूंच्या धडावर दिलेला ओढीचा जोर अचानक सोडून धड किती हलते ते मोजले आणि पुढची तीन वर्षे त्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली. ज्यांचे धड जास्त हलले त्यांच्यात, विशेषतः महिला खेळाडूंमध्ये, गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या दुखापती जास्त झाल्या. दुखापत गुडघ्याला झाली, पण त्याची पूर्वसूचना धडाने दिली होती.

श्वासाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथेच बहुतेकांचे चुकते. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ आणि भोवती पोटाचे थर अशी ही बंद पोकळी आहे. श्वास घेताना श्वासपटल खाली येते. त्याच वेळी भोवतालचे स्नायू त्याला विरोध करतील तर पोकळीतला दाब वाढतो आणि कण्याला आतून आधार मिळतो. श्वास छातीत भरून खांदे वर गेले तर हा दाब तयारच होत नाही. तपासायला सोपे आहे. उभे राहून दोन्ही हातांची बोटे बरगड्यांच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या वर, बाजूंच्या मऊ भागात रुतवा, अंगठे पाठीकडे ठेवा, आणि असा श्वास घ्या की बोटे आणि अंगठे दोन्ही बाहेर ढकलले जातील. पुष्कळांची फक्त बेंबी पुढे येते आणि अंगठ्यांखाली काहीच हलत नाही. पाठीच्या बाजूलाही विस्तार जाणवू लागेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, रोज काही मिनिटे हा सराव करावा आणि मगच त्यात पोट घट्ट करणे मिसळावे. हलक्या वजनाला दाब राखून श्वास सोडता आला पाहिजे. अगदी जड आवर्तनात काही क्षण श्वास रोखला जातो आणि तसे करणे स्वाभाविक आहे. पण त्यामुळे रक्तदाब त्या क्षणी खूप वर उसळतो, म्हणून रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार, हर्निया किंवा डोळ्यांच्या आतील दाबाची तक्रार असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो रोखू नये. नुकतेच बाळंतपण झालेल्या स्त्रियांनीही या दाबाची घाई करू नये, कारण ओटीपोटाचा तळ आणि पोटाची मधली रेषा पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

व्यायाम निवडताना माझी कसोटी एकच: त्यात धडाला कोणत्या दिशेच्या हालचालीला विरोध करावा लागतो? मागे वाकण्याला, पुढे वाकण्याला, बाजूला झुकण्याला आणि पिळवटण्याला, अशा चारही दिशा आठवड्यात कधी ना कधी आल्या पाहिजेत. स्क्वॅट आणि डेडलिफ्टमध्ये पुढे वाकण्याला होणारा विरोध उत्तम साधतो आणि पाठीचे लांब स्नायू भरपूर काम करतात, त्यामुळे त्यासाठी आणखी वेगळे काही करण्याची तुम्हाला गरज नाही. बाजूला झुकणे आणि पिळवटणे मात्र दोन्ही हातांनी धरलेल्या बारबेलमध्ये जवळजवळ येतच नाही, आणि वेगळा व्यायाम तेवढ्यासाठी लागतो.

सुरुवात डेड बगने करा. उताणे झोपून खुबे व गुडघे काटकोनात वर, हात छताकडे. एका हाताचा तळवा कमरेखालच्या पोकळीत सरकवा आणि कमरेने त्याच्यावर हलका, स्थिर दाब ठेवा. आता श्वास सोडत एक टाच सावकाश खाली नेऊन जमिनीला टेकवा आणि परत आणा. टाच खाली जाताना हातावरचा दाब कोठेतरी निसटतो. कोणाचा अर्ध्या वाटेवर, कोणाचा अगदी शेवटी. जेथे निसटतो त्याच्या किंचित अलीकडे थांबणे, हीच तुमची आजची मर्यादा. टाच जमिनीला टेकलीच पाहिजे असा हट्ट धरला, तर कंबर कमानीसारखी उचलली जाते आणि तुम्ही नेमक्या चुकीच्या गोष्टीचा सराव करता. दाब शेवटपर्यंत टिकू लागला की हात काढून घ्या आणि विरुद्ध बाजूंचा हात व पाय एकत्र न्या. बर्ड-डॉगमध्ये हेच हात व गुडघे टेकून, ओणवे होऊन करायचे असते. तेथे लोक पाय फार उंच उचलतात आणि खुबा एका बाजूला उघडतो. कमरेवर आडवी काठी ठेवली आणि ती घरंगळली नाही, तर उंची बरोबर आहे. पाय उंच जाण्यापेक्षा टाच लांब मागे ढकलली गेली पाहिजे.

साइड प्लँक (कुशीवर होऊन एका कोपरावर शरीर सरळ धरणे), एका हातात वजन धरून चालणे, आणि बाजूला अडकवलेला रबरी पट्टा दोन्ही हातांनी छातीसमोर धरून पुढे ढकलणे, ही आणखी तीन साधने पुरेशी आहेत. एका हातात वजन घेऊन चालताना शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापासून सुरुवात करा, तीसेक पावले चाला, आणि वजन नसलेल्या बाजूला झुकून तोल साधत नाही ना ते पाहा. हा व्यायाम दिसायला अगदी साधा आहे, पण माझ्या मते यातला सर्वांत गुणकारी हाच.

वेळेच्या बाबतीत कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांची पद्धत मला पटते: सुमारे दहा सेकंद नीट धरायचे, क्षणभर सोडायचे, पुन्हा धरायचे, आणि प्रत्येक फेरीत ही संख्या कमी करत जायचे, जसे सहा, मग चार, मग दोन. एकूण वेळ पुरेसा होतो आणि थकव्याने ठेवण बिघडत नाही. डेड बग आणि बर्ड-डॉग मुख्य व्यायामाआधी थोडेसेच करा. धड दमवून मग बार उचलायला जाणे धोक्याचे. साइड प्लँक आणि वजन घेऊन चालणे शेवटी ठेवा. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी दहा-बारा मिनिटे पुरतात.

क्रंचबद्दल टोकाची मते ऐकू येतात. निरोगी कंबरेला मोजक्या क्रंचने काही होत नाही, पण तुमची कंबर आत्ता तक्रार करते आहे आणि रोज शंभर वेळा भाराखाली पुढे वाकण्याने तिला आराम मिळणार नाही, म्हणून काही आठवडे ते बंद ठेवा. पोटाचा घेर कमी व्हावा म्हणून ते करत असाल, तर पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी उतरत नाही. सकाळची एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: रात्री आडवे असताना चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकताना त्यांच्यावर नेहमीपेक्षा बराच जास्त ताण येतो. डेडलिफ्ट उठल्या उठल्या करू नये.

कोअरला सर्व दुखण्यांवरचा उपाय मानू नका. जुनाट कंबरदुखीत या व्यायामांनी सुरुवातीला बऱ्यापैकी फरक पडतो, परंतु दीर्घकाळात चालणे, पोहणे किंवा कोणताही नियमित व्यायाम साधारण तेवढाच उपयोगी ठरतो, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसले आहे. झोप, ताणतणाव आणि वजन वाढवण्याची घाई यांचाही वाटा असतोच. दुखणे पायात खाली उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, पायाची ताकद कमी वाटत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

राहिला कमरपट्टा. पट्टा कंबर धरून ठेवतो, ही समजूत अपुरी आहे. त्याचे खरे काम पोटाला ढकलण्यासाठी एक कडक भिंत पुरवणे, जेणेकरून आतला दाब आणखी वाढवता येईल. ज्याला पट्ट्याविना तो दाब निर्माणच करता येत नाही, त्याला पट्ट्याचा फायदा थोडा आणि फाजील आत्मविश्वास जास्त मिळतो. म्हणून सध्या वजन सुमारे ६० टक्क्यांवर आणा, वर सांगितलेली तयारी प्रत्येक आवर्तनाला नव्याने करा, म्हणजे बार जमिनीवर पूर्ण टेकवून, श्वास नव्याने घेऊन, आणि चिकटपट्ट्यांमधले अंतर पाच आवर्तनांत बदलत नाही असे चित्रफितीत दिसले की दर आठवड्याला थोडे वजन चढवा. पूर्वीच्या वजनावर दुखण्याविना पोहोचल्यावर फक्त सर्वांत जड सेटसाठी पट्टा वापरायला हरकत नाही; तो इतपत सैल बांधा की पोट, बाजू आणि पाठ अशा सगळीकडून त्याच्यावर दाब देता येईल.